तापलेल्या काचेवरचं पाणी

नाना,

आज पलसाण्याच्या एका मिलच्या छतावर उभं राहून मी पुन्हा तुमची गोष्ट सांगितली, आणि माणसं पुन्हा हसली. नवीन भरती झालेली बारा-पंधरा जणांची टोळी होती. पॅनल धुवायचे ते पहाटे, नाहीतर ऊन उतरल्यावर, भर दुपारी कधीही नाही, हा नियम त्यांच्या डोक्यात बसवायचा होता. नुसता नियम सांगितला की लोक मान हलवतात आणि दुसऱ्या दिवशी बाराच्या ठोक्याला पाईप घेऊन उभे राहतात. म्हणून मी गोष्ट सांगतो. एक होता बॉइलरवाला. दसऱ्याचा दिवस, डोक्यावर ऊन, आणि ह्या महाशयांनी तापलेल्या काचांवर मारलं टाकीतलं गार पाणी. टक्, टक्, टक्. अकरा काचा गेल्या. "बॉइलरवाल्याला काय कळणार काचेतलं!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळे खिदळले. मीही हसलो. दरवेळी हसतो. फक्त आज टोळीत नंदुरबारकडची एक मुलगी होती, डिप्लोमा झालेली, ती हसली नाही. तिने मला एक प्रश्न विचारला. मी काय उत्तर दिलं ते आत्ताच लिहायला हात धजत नाही, शेवटी लिहीन.

तुम्ही हे आताचे पॅनल पाहिलेच नाहीत. हे उन्हातून वीज करतात. मिलच्या पत्र्यावर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या फरशा मांडल्यासारखे दिसतात, आणि खाली यंत्रं त्यांच्यावर चालतात. आपल्या वेळचं प्रकरण वेगळं होतं. तेव्हा उन्हाने फक्त पाणी तापायचं. लोखंडी चौकटीत काळा रंग दिलेला तांब्याचा पत्रा, त्याला चिकटवलेल्या तांब्याच्या नळ्या, वरून काच. अशा चाळीस पेट्या कापडाच्या घड्या घालायच्या खात्याच्या स्लॅबवर दक्षिणेकडे तोंड करून बसवलेल्या. पंप पाणी फिरवायचा, पाणी नळ्यांमधून तापत तापत मोठ्या टाकीत यायचं आणि तिथून तुमच्या बॉइलरला जायचं. बॉइलरला गार पाण्याऐवजी कोमट नव्हे, चांगलं कढत पाणी मिळालं की कोळसा कमी लागतो, एवढं साधं गणित. पण त्या वर्षी आख्ख्या पट्ट्यात असलं काही कोणी पाहिलं नव्हतं. रंगखात्यातली माणसं जेवणाच्या सुट्टीत वर येऊन बघायची आणि विचारायची, "ह्यात पापड भाजतील का?"

तुमचा बॉइलर मला आजही आधी वासाने आठवतो. ओल्या कोळशाचा, तापलेल्या लोखंडाचा आणि तुमच्या विडीचा. भिंतीवर काचेच्या चौकटीत तुमचं बॉइलर अटेंडंटचं सर्टिफिकेट, त्याच्या शेजारी देवीचा फोटो, आणि दोघांना रोज उदबत्ती. मला तर लहानपणी वाटायचं सर्टिफिकेट हाही एक देवच आहे. बॉइलरच्या तोंडावर एक काचेची उभी नळी होती, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसायची. तुम्ही बोलत असा, जेवत असा, कोणावर ओरडत असा, तुमचा एक डोळा त्या नळीवर. घरी आल्यावरसुद्धा तुम्ही मध्येच मान वळवून रिकाम्या भिंतीकडे बघायचात, आणि माय म्हणायची, "बॉइलर तठेच ऱ्हायना, आठे नही." त्या नळीतलं पाणी खाली गेलं तर काय करायचं, हे तुम्ही मला दहाव्या वर्षी शिकवलंत, तेही बॉइलरजवळ नाही, लिंबायतच्या आपल्या खोलीत, चुलीपाशी. भाकरी संपल्या होत्या आणि मायने रिकाम्या तापलेल्या तव्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. चर्र झालं, वाफ उठली. तुम्ही मला जवळ ओढलंत. "दख. तवा जाडा शे म्हनीसन वाचना. कोरडं भांडं तापेल ऱ्हायनं, तर त्याले पानी लावानं नही. पहिले आग काढ. मंग थांब. मंग पानी." पाणी कमी पडलं म्हणून घाबरून गार पाणी सोडणाऱ्या माणसाने आख्खं बॉइलर हाउस उडवल्याच्या गोष्टी तुम्ही सांगायचात. पहिले आग, मग थांब, मग पाणी. मला पाढ्यांच्या आधी हे पाठ होतं. म्हणून तर आज हे सगळं लिहितो आहे. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच तुम्ही ठेवली नाहीत.

आणि त्या पेट्यांवरची माझी नोकरीही तुमच्यामुळेच. आयटीआय करून मी दोन वर्षं घरी बसलो होतो. बसलो होतो म्हणजे उधन्याच्या कारखान्यांचे दरवाजे झिजवत होतो, पण घरी बसल्यासारखंच. तिसऱ्या गल्लीतली माणसंसुद्धा विचारायची, "काय फिटरसाहेब, कधी फिट होणार?" मग पेट्या बनवणाऱ्या बडोद्याच्या कंपनीचे साहेब मिलमध्ये जागा बघायला आले, बॉइलर बघायला खाली उतरले, आणि तुम्ही, कधी कोणापुढे हात न पसरणारे तुम्ही, त्यांना म्हणालात, "साहेब, मेरा लड़का फिटर है. पाईप का काम अच्छा करता है." मी तिथेच डबा घेऊन उभा होतो. साहेबांनी मला दोन पाईप जोडायला लावले आणि सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं. दिवाळीपर्यंत यंत्रणा नीट चालली, शेठने पसंत केली, तर मी कायम. नाहीतर पेट्या उतरवायच्या आणि मीही उतरायचं. हे साहेबांनी मला हसत सांगितलं होतं, पण ते हसत सांगणारे साहेब होते, त्यांचं हसणं धरायचं नसतं.

तुमच्या सोबत्यांना हे कसं लागलं ते मला तेव्हा कळत होतं आणि मी कळून न कळल्यासारखं करत होतो. बॉइलरवर तुम्ही दोन शिफ्टचे दोन अटेंडंट, आणि कोळसा टाकणारे चौघे. शेठने एकदा जाता जाता म्हटलं होतं, "सूरजदादा मफत मां काम करे छे, भाई!" सूर्य फुकटात राबतो, हा शेठला विनोद वाटला असेल. खाली कोळसेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्याच सूरजदादाच्या पेट्या बसवणारा कोण, तर अटेंडंट नानाचा मुलगा. तुमच्याशी कोणी भांडलं नाही. नुसतं तुम्ही गेलात की बोलणं थांबायचं. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. संध्याकाळी घरी आलो की हातपाय धुवायच्या आधी एकच प्रश्न, "पंप चालू शे ना?" मी म्हणायचो, "शे." मग तुम्ही भाकरीला हात घालायचात.

पंप चालू होता, पण पाणी तापत नव्हतं, ही खरी गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. साहेबांनी शेठला कबूल केलं होतं साठ अंश. टाकीवरचा काटा बावन्नला अडकून बसायचा, फार तर चोपन्न. कारण होतं तुमचंच धुराडं. त्याची काजळी वाऱ्याने वळून थेट माझ्या काचांवर बसायची. साहेबांनी दम दिला, "रोज पहाटे सूर्य वर यायच्या आत काचा धुऊन काढ. एक दिवस चुकला तर तू चुकलास." मी पहाटे तीन वाजता सायकल काढायचो, लिंबायतहून पलसाण्यापर्यंत हायवेने ट्रकच्या धुळीत, आणि उजाडायच्या आत चाळीस काचा धुऊन पुसून मोकळा व्हायचो. काटा अठ्ठावन्नपर्यंत चढला. अठ्ठावन्न! दोन अंशांसाठी मी देवाला नारळ बोललो होतो. त्या दिवसांत मी घरात कोणाशी सरळ बोलत नव्हतो, मायवर खेकसायचो, आणि झोपेतसुद्धा काटा बघायचो.

मग दसरा आला. दसऱ्याला मिल बंद, सकाळी सगळ्या यंत्रांची पूजा, शेठकडून फाफडा-जिलबी, आणि दुपारी शेठ नि बडोद्याचे साहेब छतावर येऊन आमच्या पेट्यांना नारळ फोडणार असं ठरलेलं. तुम्ही आदल्या दिवशीच आग काढली होती. बॉइलर धुऊन पुसून गेरू दिल्यासारखा लालबुंद केला होता. मी पहाटे निघालो, पण मायने अडवलं, घरच्या हत्यारांची पूजा झाल्याशिवाय निघायचं नाही म्हणून, आणि माझे पाने, पक्कड, पाईपला आटे पाडायचा डाय पाटावर मांडून तिने त्यांना हळदकुंकू वाहिलं. मिलमध्ये पोचलो तर नऊ वाजून गेलेले. काचा काळ्याच. वर जाऊन बघतो तर माझ्या आधी तुम्ही तिथे. पंपाच्या स्टार्टरला झेंडूचा हार, हिरव्या बटणावर हळदकुंकवाची बोटं, पुढ्यात विड्याचं पान आणि सुपारी. म्हाताऱ्या गुडघ्यांनी तीन जिने चढून तुम्ही माझ्या यंत्राची पूजा केली होती.

आणि मी काय केलं? भांडलो. पंप चालवायला हवा, नाना, पाणी फिरलं नाही तर पेट्या आतून तापून भाजतील. तुम्ही म्हणालात, "आज मशीनले हात लावाना नही. आज तिना सन शे." मी म्हणालो, ही तुमची भट्टी नाही, हिची आग मला काढता येत नाही, हिची आग वर आहे. तुम्ही वर बघितलंत. क्षणभर वाटलं पटलं तुम्हाला. पण मग तुम्ही म्हणालात, वर्षात एक दिवस लोखंडाला विसावा द्यायचा, तीस वर्षं दिला, कधी काही झालं नाही, उद्या पहाटे बटण दाब. असं म्हणून तुम्ही खाली गेलात. मला तो हार काढता आला असता. बोटभर दोरा होता. पण पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्याच्या दिवशी हात लावायची माझीही छाती झाली नाही. आयटीआयचं सर्टिफिकेट खिशात होतं आणि बोट बटणापर्यंत गेलं नाही. हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतील, पण आपल्यातला कोणीही समजेल.

काचा धुवायची वेळ टळलीच होती, म्हणून मी त्यांनाही हात न लावता बसून राहिलो. बारा वाजले. ऊन असं की स्लॅबवर चप्पल चिकटत होती. खाली गाडीचा हॉर्न वाजला, म्हणजे शेठ नि साहेब आले. आधी फाफडा होणार, मग दहा मिनिटांत वर. आणि माझ्या चाळीस काचा काजळीने माखलेल्या! साहेबांनी त्या पाहिल्या की काय म्हणणार ते मला शब्दन् शब्द ऐकू येत होतं. कोपऱ्यात गार पाण्याच्या टाकीला जोडलेला धुण्याचा पाईप होता. मी तो उचलला. नाना, त्या क्षणी मला तवा आठवला नाही, हे खरं नाही. आठवला. मी मनात म्हटलं, हा काय बॉइलर आहे, ही काच आहे, काचेला काय होतं. आणि तोटी उघडली. पहिली पेटी लख्ख झाली. दुसरी झाली. मी झपाझप पुढे गेलो, पाणी काचेला लागताच वाळत होतं एवढी ती तापली होती. मग मागून आवाज आला. टक्. मी वळलो. पहिल्या काचेवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात रेघ. मग टक्, टक्, लागोपाठ. मी जिथे जिथे पाणी मारलं होतं तिथे तिथे, एकामागून एक. मी पाईप धरून उभा. पाणी माझ्या पायांवर पडत होतं आणि मला तोटी बंद करायचं सुचत नव्हतं.

तुम्ही कधी वर आलात कळलं नाही. हातात हळदकुंकवाचं ताट होतं, नारळ होता. तुम्ही काचा बघितल्या, मग पाईप, मग मला. मला वाटलं आता थोबाडीत बसणार, आणि देवाशपथ सांगतो, बसावी असं वाटलं. जिन्यात शेठचा आवाज आला, साहेबांच्या बुटांचा आवाज आला. तुम्ही ताट खाली ठेवलंत. "पाईप दे आठे," म्हणालात. मी दिला. "तू व्हय तिकडे." मी टाकीच्या सावलीत सरकलो. त्यांच्या येण्यात आणि आपल्या बोलण्यात दहा पायऱ्यांचं अंतर होतं. तेवढ्या वेळात तुम्ही ठरवलंत, आणि मला विचारलं नाहीत.

शेठ वर आले ते हातात जिलबीचा तुकडा घेऊन. "अरे! आ शुं? कोणे कर्युं आ?" तुम्ही पाईप हातात धरून उभे होतात. "मेरे से हुआ, शेठ." एवढंच. शेठने तुमच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा बदलला. चुकलं असं त्यांना वाटलंच नाही. त्यांना वाटलं तुम्ही मुद्दाम केलंत. "बॉइलरवाळाने पेटमां दुखे छे," ते साहेबांकडे वळून म्हणाले. "सूरजदादा आव्या ने, एटले." साहेबांनी मला विचारलं, "तू कुठे होतास?" नाना, मला नुसतं गप्प राहता आलं असतं. तुम्ही तेवढंच मागितलं होतं. पण मी तोंड उघडलं. "मी खाली होतो साहेब, पाईपचं सामान आणायला." आणि मग तुमच्याकडे वळून, मोठ्याने, दोघांना नीट ऐकू जावं म्हणून हिंदीत म्हणालो, "नाना, मैंने मना किया था ना! तपे हुए काँच को पानी नहीं लगाना, मना किया था ना!" तुमचंच वाक्य मी तुमच्या तोंडावर फेकलं. तुम्ही मान खाली घातलीत. म्हणालात, "हां. बोला था."

तीस वर्षं ज्या माणसाने कोरड्या तापल्या भांड्याला पाण्याचा थेंब लावू दिला नाही, तो काचांवर पाणी मारेल हे कोणीच कसं मानलं, याचं मला पुढे कित्येक वर्षं नवल वाटत आलं. पण माणसांना जे मानायचं असतं तेच ती मानतात. शेठला मानायचं होतं की कामगार जळतात. साहेबांना मानायचं होतं की त्यांची यंत्रणा बरोबर आहे, दोष बाहेरच्याचा. आणि मला तर काय, मला कायम व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडून बॉइलरची वही आणि चावी काढून घेतली. कामावरून काढलं नाही, जुना माणूस म्हणून शेठने "दया" केली, आणि तुम्हाला गेटवर स्टुलावर बसवलं, आल्या-गेल्या गाड्यांची नोंद करायला. भिंतीवरचं सर्टिफिकेट तुम्ही स्वतः उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणलंत.

सगळ्यात वाईट ते पुढे झालं. तुमच्याशी बोलणं टाकलेले ते कोळसेवाले गेटवर येऊन तुमच्या पाठीवर थाप मारू लागले. "नाना, छाती आहे तुमची! बरं केलं!" त्यांच्या लेखी तुम्ही त्यांच्यासाठी लढला होतात. तुम्हाला चहा आणून द्यायचे, विडी पेटवून द्यायचे. आणि तुम्ही तो चहा घेऊन बसायचात. नाही म्हणाला असतात तर का नाही म्हणता ते सांगावं लागलं असतं. न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा एकीकडे, न केलेल्या गुन्ह्याची शाबासकी दुसरीकडे. मी रोज त्या गेटातून सायकल आत घालायचो आणि तुम्ही वहीत माझी वेळ लिहायचात.

त्या दसऱ्याची संध्याकाळ मात्र मी कोणालाच सांगितली नाही. लिंबायतची आपली गल्ली, पोरंसोरं नवे कपडे घालून घरोघर आपट्याची पानं वाटत होती. आपल्यात धाकट्याने मोठ्याच्या हातात सोनं द्यायचं आणि पाया पडायचं. मी माझी पानं मुठीत धरून उंबऱ्यात बसलो होतो. उठवत नव्हतं. मुठीत घामाने पानं काळी पडली. मग तुम्हीच उठलात. कधी नव्हे ते उलटं केलंत. माझ्यापुढे येऊन पान धरलंत. "सोनं ले." मी घेतलं. माय आतून बघत होती, ती म्हणाली, "अरे, पाया पड ना!" मी वाकलो, आणि तुम्ही माझं डोकं दोन्ही हातांत धरून वरच्या वर थांबवलंत. पायांपर्यंत जाऊ दिलं नाहीत. ते प्रेम होतं की नकार होता, मला आजतागायत कळलेलं नाही. आणि तुम्ही लगेच म्हणालात, "पंप चालू शे ना?" मी म्हणालो, उद्या पहाटे करतो.

दिवाळीला मी कायम झालो. नव्या काचा बसल्या, काटा बासष्टला गेला, शेठने पेढे वाटले. गेटवर तुम्हालाही दिला, आणि तुम्ही तो खाल्लात. मी समोर होतो.

मला तुमचा राग आहे, नाना. हे लिहायला इतकी वर्षं लागली, पण आहे. तुम्ही मला विचारायला हवं होतं. दहा पायऱ्यांत एवढं विचारता आलं असतं, की पोरा, तुला हे पेलवेल का? तुम्ही हार घातला नसता तर पंप चालू राहिला असता, हेही मी हजार वेळा मनात म्हणून घेतलं आहे, आणि कदाचित तुम्हीही तेच म्हणत असाल आणि म्हणूनच पाईप हातात घेतला असेल. पण मग पुढच्या चार वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंत. शिव्या द्यायच्या होत्यात. तुम्ही एकदाच बोललात, तेही माझ्याशी नाही. तुम्ही आजारी होतात, खाटेवर, आणि मायने सवयीने रिकाम्या तव्यावर पाणी ओतलं. चर्र झालं. तुम्ही छताकडे बघत म्हणालात, "तिले कोनी शिकाडं नही. तिनी चूक नही." खोलीत आपण तिघंच होतो. मी उठून बाहेर गेलो आणि नळापाशी जाऊन रडलो. परत आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "पंप चालू शे ना?" तेव्हा मी त्या मिलमध्ये नव्हतोच, कंपनीने मला दुसरीकडे पाठवलं होतं. तरी म्हणालो, "शे, नाना." त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. तुमचं सर्टिफिकेट अजून त्याच वर्तमानपत्रात आहे. मी ते उघडलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं म्हणून मी मघापासून गमतीने विचार करतो आहे. तुमचा बॉइलर भंगारात गेला, मिलला दुसरं नाव लागलं, लिंबायतच्या त्या खोलीत आता दुसरंच कुटुंब राहतं. मायला वाचून दाखवलं असतं, तर तीही आता नाही. तिला माहीत होतं असं मला वाटतं. तिने कधी विचारलं नाही, पण त्या दसऱ्यानंतर तिने माझ्या हत्यारांची पूजा पुन्हा केली नाही, मीच केली. हे कागद घडी करून हत्यारांच्या पेटीत ठेवतो, पान्यांच्या खाली. तिथे माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

राहिलं ते त्या मुलीचं. सगळे हसून झाल्यावर ती म्हणाली, "सर, माझे आजोबा बॉइलरवर होते. बॉइलरवाला तापलेल्याला पाणी मारत नाही. ती पहिली गोष्ट शिकवतात त्यांना." कित्येक वर्षांत हे बोलणारी ती पहिली. मग तिने विचारलं, "तो माणूस तुमच्या ओळखीचा होता का, सर?"

मी म्हणालो, "नाही गं. ऐकीव गोष्ट आहे."